शपथेबाहेरचं बोट

वीरधवलच्या गाडीचं माहितीपुस्तक चारशे सदुसष्ट पानांचं होतं. घरात ते मी एकट्यानंच वाचलं.

वीरधवल माझ्या धाकट्या बहिणीचा, अंजनाचा, एकुलता मुलगा. मी सांगलीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात तेहतीस वर्षं काढली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर उंब्रजजवळ बहिणीच्या घरी येऊन राहिलो. भाऊजी सैन्यात सुभेदार होते. ते आधीच गेले होते. घरात अंजना, वीरधवल, त्याची बायको अंकिता आणि मी. शेताचा रस्त्याकडचा तुकडा महामार्गाच्या रुंदीकरणात गेला, त्याची भरपाई आली, आणि वीरधवलनं पुण्याहून कुणाची तरी वापरलेली लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार आणली. आमच्या गल्लीत ती वळवायला पाच वेळा पुढं-मागं करावी लागे.

पुस्तक त्यानं माझ्या मांडीवर आणून टाकलं. "मामा, तुमी लय वाचता. एवढं वाचा नि मला थोडक्यात सांगा."

मला कुणी असं काही सांगून फार वर्षं झाली होती. महिनाभर मी ते पुस्तक वाचत होतो. समजलं नाही ते पुन्हा वाचत होतो. रात्री जेवताना तो विचारायचा, "आज कुठवर आलं?" आणि मी सांगायचो. मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, घसरायला लागली, की गाडी आपणहून इंजिनाचा जोर कमी करते, हे मी सांगितलं तेव्हा मी त्याला 'घसरण-नियंत्रण' म्हणालो. वीरधवलला हसून ठसका लागला.

"टीसी म्हणा की मामा. ट्रॅक्शन कंट्रोल."

"टीसी म्हटलं की मला रेल्वेतला तिकीट तपासणारा आठवतो."

"त्योच की! गाडीत बसलाय माझ्या. जरा मजा करावी म्हटलं की म्हणतो, तिकीट दाखवा."

अंजना म्हणाली, "बसू दे बसलाय तर. कुणाचं तरी भ्या पायजे."

तो टीसी बंद करायचं बटण मधल्या पडद्याखाली होतं. दिवाळीत वीरधवलनं मित्रांच्या आग्रहानं शाळेच्या मैदानावर ते दाबलं आणि गाडी गोल फिरवली. धुरळा उठला, गाडीची मागची बाजू फेकली गेली, आणि भिंतीपाशी उभ्या असलेल्या अंकितापासून हातभर अंतरावर येऊन थांबली. मित्रांनी शिट्ट्या मारल्या. अंकिता तडक घरी आली. संध्याकाळी तिनं आमच्यादेखत त्याचा उजवा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"त्या बटणाला हात लावणार नाही म्हणा."

"आगं, येवढं काय..."

"म्हणा."

"न्हाई लावणार."

त्यानंतर त्यानं खरंच हात लावला नाही. गाडी त्या दिवशी का थांबली, ते मला ठाऊक होतं. पुस्तकात होतं. बटण नुसतं दाबलं तर अर्धंच काम होतं: चाकं मोकळी फिरतात, पण गाडी फारच फेकली जायला लागली तर ती स्वतःला सावरते. पुरतं बंद करायचं असेल तर बटण पाच सेकंद दाबून धरायचं. मग सावरणारं कुणी नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता बोलायची मला सवय नाही.

नोव्हेंबरात मला हयातीचा दाखला द्यायला सांगलीला बँकेत जावं लागतं. एरवी मी एसटीनं जातो. त्या वर्षी वीरधवल म्हणाला, "मी नेतो. गाडीचे पाय मोकळे हुतील."

बँकेत माझा अंगठा मशीनवर उमटेना. तीनदा, चारदा. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजोबा, नीट ठेवा ना, मागं रांग आहे." मागचे लोक उसासे टाकत होते. मला घाम फुटला. वीरधवलनं पुढं होऊन माझा अंगठा रुमालानं पुसला, मशीनवर ठेवला, वरून स्वतःचा हात ठेवला. "दाबून धरा, मामा. सोडू नका." उमटला. बाहेर आल्यावर त्यानं मला उसाचा रस पाजला आणि बँकेचा विषयही काढला नाही. त्याच्या उपकाराची कशानं तरी परतफेड करावी, असं मला फार वाटत होतं. माझ्याकडं देण्यासारखं काही नव्हतं.

परतताना तो हमरस्त्यानं न जाता पलूस-ताकारीच्या आतल्या रस्त्यानं निघाला. गळीत हंगाम सुरू झाला होता. शेतातून निघणाऱ्या ट्रॅक्टरांच्या चाकांचा चिखल डांबरावर थापला गेला होता, वर उसाचं वाळकं पाचट. दुपारचे तीन वाजले असतील. ऊन चांगलं होतं. एका ट्रॅक्टरला मागं टाकायला त्यानं जोर दिला, तसा समोरच्या वेगाच्या काट्यांमधला पिवळा दिवा लुकलुकला आणि गाडी मंदावली.

"बघा. आला टीसी," तो म्हणाला. "इंजिनात चारशे घोडं हायती म्हणं. जुपल्यात की न्हाई कुणास ठावं."

मी हसलो.

थोडं पुढं गेल्यावर तो माझ्याकडं बघून म्हणाला, "मामा, अंकीनं माझ्या हाताला शपथ घातलीय. तुमच्या हाताला कुठं हाय?"

"काय?"

"ते बटण. तुमच्याच बाजूला हाय. दाबा की. ह्यो सरळ तुकडा संपस्तोवर."

नाही म्हणायला हवं होतं, हे मला आत्ता कळतं असं नाही. तेव्हाही कळत होतं. पण ज्याला कधी कुणी काही मागत नाही, त्याच्याकडं कुणी मागितलं की काय होतं, ते मला सांगता येणार नाही. मी बटण दाबलं. दिवा लागला.

"बास. सोडा," तो म्हणाला.

मी बोट काढलं नाही. मनात मोजत होतो.

"आवं, लागला की दिवा."

"थांब," मी म्हणालो. "नुसतं दाबून होत नाही. मी वाचलंय."

"वाचा तुमी. चालवतो मी," तो हसत म्हणाला. त्याची नजर रस्त्यावर होती. पडद्यावर काय उमटलं ते त्यानं पाहिलं नाही. मी पाहिलं. पाच झाल्यावर मी बोट काढलं.

त्यानं जोर दिला आणि गाडीचं मागचं अंग डावीकडं झुकलं, त्यानं चाक वळवून सरळ केलं, पुन्हा उजवीकडं झुकलं, पुन्हा सरळ केलं. "मामा!" तो ओरडला. "आता जुपली घोडी!" मीही मोठ्यानं हसलो. माझं ते हसू मला परकं वाटलं.

सरळ तुकडा संपला. कालव्याशी रस्ता डावीकडं वळतो. तिथं चिखल ओला होता. वळणात त्यानं पाय काढायला हवा होता, तो काढला नाही. दिवाळीत गाडीनं स्वतःला सावरलं होतं, तेवढ्यावर त्याचा भरवसा होता. तो भरवसा मी पाच सेकंदांत काढून घेतला होता आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. गाडी आडवी झाली, पार फिरली. पलीकडच्या कडेला आस मोडून पडलेली, उसानं भरलेली ट्रॉली होती. वीरधवलची बाजू तिच्यावर गेली.

मला शेवटपर्यंत शुद्ध होती. तो एकही शब्द बोलला नाही.

माझं गळ्याजवळचं हाड मोडलं. कराडच्या दवाखान्यात अकरा दिवस होतो. पोलिसांनी विचारलं, भरधाव होती का? मी म्हणालो, होती. तेवढं लिहून घेऊन ते गेले. घरी आलो तर माणसं येत-जात होती, आणि ओसरीवर बसून सगळे एकच बोलत होते: पोरगं मातलं होतं. कुणाचं ऐकत नव्हतं. अंजना तेच म्हणे. "आपल्या हातानं मेला. ह्या गरिबाला पण घेऊन जात हुता." गरीब म्हणजे मी.

अंकिता रडत नव्हती. भिंतीवर हार घातलेला फोटो होता, त्याला पाठ करून ती बसायची. एकदा कुणीतरी तिला म्हणालं, रड गं पोरी, मोकळी हो. ती म्हणाली, "माझ्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलले. कुणासाठी रडू?"

तिचे वडील तिला माहेरी, मेढ्याला न्यायला आले त्या सकाळी मी ठरवलं. रात्रभर वाक्य घोकलं होतं. अंजना आणि ती स्वयंपाकघरात डबा भरत होत्या. मी दारात उभा राहिलो.

"अंकिता, त्यानं बटणाला हात लावला नाही."

दोघींनी वर पाहिलं.

"मी दाबलं. माझ्या हातानं. त्यानं शपथ मोडली नाही."

तिचा चेहरा असा झाला, की मी तो याआधी कधी पाहिला नव्हता. काहीतरी उघडत होतं. ती माझ्याजवळ आली. "तुम्ही? आपणहून?"

हाच प्रश्न येईल, हे मला सुचलं नव्हतं. हो म्हणालो असतो तर तो सुटला असता. आणि पुढचं सगळंही सांगावं लागलं असतं, की त्यानं मागितलं त्याहून जास्त मी दिलं; तो बास म्हणत होता आणि मी बोट काढलं नाही. ती वाट बघत होती. अंजनाच्या हातात डब्याचं झाकण होतं.

"त्यानं सांगितलं," मी म्हणालो.

अंकितानं मान हलवली, एकदाच. "म्हणजे तेच झालं की, मामा. माझी शपथ चुकवायला तुमचं बोट घेतलं."

"पण अंकिता..."

"तुम्ही चांगले आहात. पण त्यांना वाचवायला नका जाऊ."

अंजनानं झाकण लावलं. "माझ्या आण्णाचा काय दोष? कुणी कर म्हटलं की करायचं, येवढंच त्याला येतं. न्हाई म्हणायला येतं का त्याला? जलमात न्हाई." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मनाला लावून घिऊ नगंस. बस. च्या टाकते."

मी बसलो. गळ्यातल्या झोळीत हात होता. सांगायचं अजून राहिलं होतं, आणि ते सांगायला मोकळी जागाही होती. चहा होईपर्यंतचा वेळ होता. अंजनानं आलं किसलं, दूध घातलं, उतू जाऊ नये म्हणून भांडं वर उचललं. मी चहा घेतला. गोड होता.

जाताना अंकिता सगळ्यांच्या पाया पडली. माझ्याही. तिचे वडील फोटोकडं बोट करून काहीतरी पुटपुटले. ती तशीच उंबरा ओलांडून जीपमध्ये जाऊन बसली.

मी काचेजवळ गेलो. तिनं काच खाली केली आणि थांबली.

"जपून जा," मी म्हणालो.