झऱ्याला बोललेला हात

दुपारी उत्खननाचा खड्डा बुजवायचा होता आणि सोलांजचा नवस अजून फिटला नव्हता.

हिवाळ्यात वाइनच्या लाकडी पिंपांच्या कारखान्यात तिच्या नवऱ्याचा, लेओंसचा, उजवा हात यंत्रात सापडला. दिजों शहरातल्या इस्पितळात त्याच्या उशाशी बसल्यावर सोलांजला गावातलं चर्च नाही, शेताखालचा झरा आठवला. हात राहू दे, तुला हात वाहीन, असं ती पुटपुटली. रोमन काळात इथे राहणाऱ्या गॉल लोकांचं देऊळ त्याच झऱ्यावर होतं. तिथे उत्खनन करणाऱ्या नोएमीला ओल्या चिकणमातीत ओकच्या लाकडाचे पाय, डोळे, हात सापडले होते. दुखण्यातून उठलेली माणसं ते वाहून गेली होती. दोन हजार वर्षं झाली तरी बोटांवरची नखं दिसत होती.

लेओंसचा हात राहिला. सोलांज आभार मानायला गेली, तर सर्जन म्हणाले, अहो, हे माझं कामच आहे, आणि पुढच्या रोग्याकडे वळले. एवढे आभार पोटात घेऊन माणसाने जायचं तरी कुठे?

अडचण अशी, की सोलांजला लाकडातलं ओ की ठो कळत नव्हतं. घरात लाकडाला हात लावणारा एकटा लेओंस, आणि तो पडला पक्का नास्तिक, समोरून पाद्री आला तर रस्ता ओलांडणारा. त्याला सांगितलं असतं तर जन्मभराचे टोमणे विकत घेतल्यासारखं झालं असतं. शेवटी तिने सकाळी पिठाचा हात वळला आणि भाजला. भट्टीत बोटं अशी टम्म फुगली, की हात ओळखू येणं कठीण झालं.

दरवर्षी कामाच्या शेवटच्या दिवशी नोएमी गावकऱ्यांना उत्खनन बघायला आणि वाइन प्यायला बोलवायची. सोलांज बकरीच्या दुधाचं चीज आणि फडक्यात गुंडाळलेला तो पावाचा हात घेऊन गेली. फुकटची वाइन कोण सोडतो, म्हणत लेओंसही मागोमाग आला. खड्डा बुजवण्याआधी नोएमीने नेहमीसारखं या वर्षीचं नाणं तळाशी ठेवलं. पुढे कधी कुणी इथे खणलं, तर आपल्या आधी कोणीतरी येऊन गेलंय, हे त्याला कळावं म्हणून.

सोलांजने नोएमीला बाजूला घेतलं आणि फडक्यातला पाव उघडून दाखवला. नवसाचंही सांगितलं. नोएमी हसली नाही.

"सोलांजबाई, पाव कुजून जाईल हो. त्याआधी उंदीरच नेतील. आणि सालाचा आकडा नसलेली नवी वस्तू मी खाली ठेवू शकत नाही, पुढचा खणणारा फसेल. मला खरंच वाईट वाटतंय."

मातीच्या ढिगापाशी माती लोटणारं यंत्र सुरू झालं. सोलांजने फडकं पुन्हा गुंडाळलं.

"साल घातलेलं असेल तर चालेल?" मागून लेओंसने विचारलं.

त्याने कोटाच्या खिशातून ओकचा हात काढला. पिंपाच्या जुन्या फळीतून कोरलेला, अंगठा जरा वाकडा, तळव्यावर या वर्षाचं साल.

"हा कधी केलास?" सोलांजने विचारलं.

"डाव्या हाताने सुरू केला, उजव्याने संपवला. म्हणून अंगठा तसा झालाय."

"पण तुला कळलं कसं?"

"इस्पितळात माझा हात बधिर होता, कान नव्हते."

"आणि तुझा तर कशावरच विश्वास नाही."

"नाहीच. पण घरातल्या माणसाने शब्द दिलाय ना? आणि बाई, नवस तुझा असला तरी हात माझा आहे."

नोएमीने लाकडी हाताचा फोटो काढला आणि सोलांजसाठी शिडी धरली. सोलांजने खाली उतरून तो हात नाण्याशेजारी, चिकणमातीत दाबून ठेवला. ती वर आली तशी माती पडू लागली.

"आता तो पाव तरी सोड," लेओंस म्हणाला. त्याने चीजबरोबर एकेक बोट सगळ्यांना वाटलं आणि अंगठा बायकोसाठी ठेवला. सोलांजने तो चीजबरोबर खाल्ला. झऱ्याचं देणं फिटलं होतं. या माणसाचं कसं फेडायचं ते मात्र तिला कळेना, आणि ते फिटणार नाही याचंच तिला फार बरं वाटलं.