चौथ्या मजल्यावरचा मयत

बेल वाजली की आधी व्हेनेताच्या कपाळावर आठी यायची, मग ती खुर्चीवरून उठायची. तोंडात टाचण्या, मांडीवर कुणाच्या तरी दिवाणखान्याचा लांबलचक पडदा, आणि इंटरकॉमवर रोजचाच आवाज: "पार्सल आहे, बाई. तिसऱ्या मजल्याचं. घरी कोणी नाही. तुम्ही घेता ना?"

घेता ना! जशी काही व्हेनेता म्हणजे प्लेव्हेन शहरातल्या त्या जुन्या इमारतीची धर्मशाळाच!

बाकीचे कामावर जातात आणि व्हेनेता घरी असते, असा सगळ्या जिन्याचा ठाम समज होता. ती घरी पडदे शिवते, त्यावर तिचं पोट चालतं, म्हणजे तीही कामावरच असते, हे कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. बँकेतली दिल्याना बूट मागवायची, घालून बघायची, परत पाठवायची आणि पुन्हा मागवायची. जाणारी खोकी, येणारी खोकी, सगळी व्हेनेताच्या दारामागे. दुसऱ्या मजल्यावरचा क्रास्त्यो लोकांना गाडी शिकवायचा आणि रविवारी मासे पकडायचा. एकदा त्याने गळाला लावायच्या अळ्या मागवल्या. डब्याचं झाकण सैल होतं. सकाळी व्हेनेता उठली तर त्या पांढऱ्या, लठ्ठ अळ्या एका नवरीच्या जाळीदार पडद्यावरून निवांत फिरायला निघालेल्या! तिने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. आणि क्रास्त्यो काय म्हणाला? माफी? छे! डबा हलवून म्हणाला, "अगं, निम्म्याच राहिल्यात की!"

त्या दिवशी तिने मोठ्या अक्षरांत कागद लिहिला: ‘येथे कुणाचेही पार्सल घेतले जाणार नाही. बेल वाजवू नये.’ आणि तो खालच्या मुख्य दारावर चिकटवला.

त्या दारावर जागा शोधावीच लागायची. गेलेल्या माणसांच्या स्मरणाचे कागद तिथल्या रीतीप्रमाणे दारावर कायम असत, फोटोसकट. चाळीस दिवसांचा, सहा महिन्यांचा, वर्षाचा. सगळ्यांत वरचा सध्या नेव्हेना ग्रोझेव्हाचा होता, चौथ्या मजल्यावरच्या मेतोदीकाकांच्या बायकोचा. वर्षश्राद्ध शनिवारी होतं. फोटोत नेव्हेनाकाकू हसत होत्या, आणि त्यांच्या हनुवटीखाली आता व्हेनेताचं ‘बेल वाजवू नये’.

मेतोदीकाकांना जवळजवळ ऐकूच येत नसे. दारावरची बेल नाही, फोनही नाही. गावाकडे त्यांची धाकटी बहीण होती, दोन्का, त्यांचं उरलेलं एकुलतं एक माणूस. भावाबहिणीचं बोलणं चालायचं ते खोक्यांतून. ती मेंढीचं चीज, भाजलेल्या मिरच्यांची चटणी, अंजिराचा मुरंबा पाठवायची. हे रिकाम्या बरण्या धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून परत धाडायचे. नेव्हेनाकाकू आजारी पडल्या तेव्हापासून ती खोकी व्हेनेताच घेत आली होती, आणि खरं सांगायचं तर त्यांचा तिला कधी त्रास वाटला नव्हता. पण कागद लावला तो सगळ्यांसाठी लावला. एकाला हो म्हटलं की बाकीचे मानगुटीवर बसतातच!

कागदाची शाई वाळली नसेल, तेवढ्यात सोमवारी बेल वाजली. लांब, उर्मट, बोट न उचलता.

"वाचता येत नाही का?" व्हेनेता इंटरकॉममध्ये ओरडली.

"येतं की, बाई. पण चौथ्या मजल्याचे ग्रोझेव्ह दार उघडत नाहीत. आत खाण्याचं सामान आहे, टिकायचं नाही. घ्या ना तेवढं."

"वर जाऊन दार बडव."

"लिफ्ट बंद आहे."

"पाय चालू आहेत ना तुझे?"

त्याच्या आवाजात एक गुळगुळीत आशा आली. "बाई, इथे दारावर ग्रोझेव्ह घराण्याचा कागद दिसतोय. वारले की काय ते?"

नेमकं तेव्हाच मशीनखालचा पडदा सरकला आणि शिवण वाकडी गेली. व्हेनेताच्या डोक्यात सगळे बूट, सगळ्या अळ्या, सगळी खोकी एकदम उसळली.

"हो, मेलेत! सगळेच मेलेत इथले! मीही मेले! घेऊन जा ते परत आणि पुन्हा बोट लावू नकोस बेलला!"

खाली गाडीचं दार आपटलं. व्हेनेताला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोला, आपल्यालाही कधी कधी असं बरं वाटतं.

संध्याकाळी मेतोदीकाका कठडा धरत खाली आले. "पोरी, दोन्काचं खोकं आलं का गं? शनिवारी नेव्हेनाचं आहे ना. वाटायला घरचा गहू आणि तिच्या हातची पोळी पाठवते, असं मागच्या खोक्यातल्या चिठ्ठीत लिहिलंय तिने. नेव्हेनाला दुकानचं चालायचं नाही."

"नाही आलं, काका," व्हेनेता त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाली. उद्या येईल पुन्हा, हे लोक येतातच, असं तिने मनाला सांगितलं. मंगळवारी काका आले. बुधवारीही आले. नंतर ते विचारत नव्हते, नुसते तिच्या दाराशी जरा थांबून तिच्या तोंडाकडे बघायचे आणि वळायचे. शनिवारी ते वाटायला दुकानातली बिस्किटं घेऊन कबरस्तानात गेले. परत आले तेव्हा कोटाच्या खिशात अर्धा पुडा तसाच होता. व्हेनेताला स्वतःचीच शिसारी आली. पण आता सांगायचं तरी काय, आणि कुठल्या तोंडाने!

पुढच्या आठवड्यात एका दुपारी बेल वाजली. हळूच, दोनदा. व्हेनेता तरातरा खाली गेली, आज समोरच्याला धुऊनच काढायचं अशा तयारीने, आणि दार उघडताच मागे सरली.

आधी वास आला. आंबलेल्या दुधाचा, कुजलेल्या चीजचा, उन्हात तापलेल्या पुठ्ठ्याचा. घशाशी येणारा, डोळ्यांत पाणी आणणारा. मग दिसली एक बुटकी म्हातारी, काळा रुमाल, काळा झगा, आणि पोटाशी धरलेलं एक खोकं. खोक्याचा तळ ओला होऊन काळा पडला होता.

"वास येतोय, ठाऊक आहे मला," म्हातारी म्हणाली. "बसमधली माणसं नाकाला फडकं लावून बसली होती. पण भावासाठी भरलेलं, टाकू कशी? म्हटलं, त्याच्याच मातीपाशी नेऊन ठेवावं." ती धाप टाकत थांबली. "पोरी, मेतोदी ग्रोझेव्ह इथलाच ना? मला एवढंच सांग, पुरला का त्याला? का अजून ठेवलाय?"



"काल आमच्या गावच्या दुकानात खोकं परत आलं. म्हणाले, घेणारा वारला. म्हटलं, कोणी सांगितलं? तर म्हणे शेजारणीने. फोन लावला, तो नेहमीसारखा नुसता वाजत राहिला. दुसऱ्या कुणाला विचारायचं? तेव्हा मग खरं मानलं. रात्रभर विचार करतेय, शेवटी त्याच्या हातात हात द्यायला कोणी होतं की नव्हतं?"

"आजी!" व्हेनेता किंचाळलीच. "काका जिवंत आहेत! वर आहेत! आत्ता सकाळी भाकरी घेऊन आले!"

म्हातारी हलली नाही. "मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस."

"देवाशपथ जिवंत आहेत! चला, चला वर!"

व्हेनेताने ते खोकं तिच्या हातातून घेतलं. तळातून गळणारं पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. तरी तिने खोकं खाली ठेवलं नाही. चारही मजले ती तो वास छातीशी धरून चढली. आपणच काढलेला शब्द आठवडाभर कुजला की असाच वास येतो, असं तिला प्रत्येक पायरीवर वाटत होतं.

दार तिने लाथेने बडवलं, थेट लाथेने! बऱ्याच वेळाने मेतोदीकाका सपाता ओढत आले. काळ्या कपड्यांतली बहीण बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"दोन्का! अगं, कोण गेलं?"

"तू!" दोन्का म्हणाली. आणि उंबऱ्यातच बसून मोठ्याने रडू लागली. रडता रडता तिने भावाच्या पायातली सपात ओढून काढली आणि त्याच सपातेने त्याच्या पोटरीवर दोन फटके दिले. "फोन का उचलत नाहीस, मेल्या?"

"फोन नेव्हेना उचलायची," काका कसंनुसं हसत म्हणाले.

खोकं मागच्या अंगणातल्या कचराकुंडीत गेलं. गहू, पोळी, चीज, सगळं. व्हेनेताने हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले, आणि मग ती काकांच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. कोणी विचारलं नव्हतं. न सांगता सुटलीही असती.

"आजी, ती शेजारीण मीच." आणि तिने सगळं सांगितलं. बूट, अळ्या, वाकडी शिवण, मेलेत म्हणून ओरडणं, आणि रोज ‘नाही आलं’ म्हणणं.

दोन्का डोळे पुसून ऐकत होती. तिने ना हात उगारला, ना गळ्यात पडली.

"अळ्या?" तिने विचारलं. "पडद्यावर?"

"नवरीच्या."

"शी!" म्हातारीने तोंड वाकडं केलं. "मी असते तर त्याच्या भातात टाकल्या असत्या. हे बघ पोरी, तुझा वैताग खरा आहे. अख्ख्या जिन्याची हमाली एकटीने का करावी? नाही म्हण. खुशाल म्हण, तोंडावर म्हण. पण तू कुणाला नाही म्हणालीस? ज्या बाईने बूट मागवले तिला म्हणालीस? अळ्यावाल्याला म्हणालीस? त्यांना नाही म्हणायची तुला लाज वाटली, म्हणून दारावर कागद लावलास. आणि सगळा राग काढलास कुणावर? ज्याला ऐकूच येत नाही त्याच्यावर!"

व्हेनेताने मान खाली घातली.

"त्या कुरियरवाल्या मेल्याने पायऱ्या वाचवल्या, तू एक धड वाक्य वाचवलंस. दोघांनी मिळून माझा भाऊ मारलात की गं! एक रात्र का होईना, माझ्यापुरता तो मेला होता. ती रात्र मला कोण परत देणार?"

"आणि नेव्हेनाची पोळी," मेतोदीकाका मध्येच म्हणाले. त्यांना किती ऐकू आलं होतं कोण जाणे. "तिने वाट बघितली असेल."

ती रात्र आणि ती पोळी व्हेनेता परत आणू शकत नव्हती. 

पण त्याच संध्याकाळी तिने दारावरचा कागद फाडला आणि स्वतः मजल्यामजल्यावर गेली. दिल्यानाला म्हणाली, "तुझी खोकी आजपासून बँकेच्या पत्त्यावर मागव. मी कामावर असते." दिल्यानाने आठवडाभर तोंड फुगवलं. क्रास्त्यो म्हणाला, "एवढ्याशा अळ्यांवरून अजून रागावलीस?" व्हेनेता म्हणाली, "हो! आणि हा राग मी आता तुझ्यावरच काढणार आहे, दुसऱ्या कुणावर नाही." क्रास्त्योने पहिल्यांदाच खाली बघितलं. मग पुटपुटला, "शनिवारी मी घरी असतो. म्हाताऱ्याचं काही आलं तर माझी बेल वाजवायला सांग."

पुढच्या सोमवारी तोच कुरियरवाला आला. तेच न उचलणारं बोट. "बाई, तिसरा मजला उघडत नाही..."

"थांब. आले." व्हेनेता खाली गेली आणि तिने त्याची बाही पकडली. "चल वर. चौथ्या मजल्यावर."

"लिफ्ट—"

"बंद आहे. चल!"

"पण चौथ्यावरचे तर वारले ना, बाई? तुम्हीच..."

"त्यांनाच भेटायचंय."

तो हसायला गेला, पण तिचा चेहरा बघून मुकाट चढू लागला. वर मेतोदीकाका आणि दोन्का मिरच्या भाजत बसले होते. व्हेनेताने काकांच्या कानाशी जाऊन सांगितलं, हाच तो. कुरियरवाला भिंतीला टेकला. त्याला घाम फुटला होता, आणि तो काही जिन्याचा नव्हता.

"नोंदीत ‘घरी नाही’ असं टाकलं की आम्हाला पुन्हा पुन्हा यावं लागतं," तो जमिनीकडे बघत बोलला. "वारले म्हटलं की काम संपतं. मला वाटलं होतं... खरं तर तुम्ही रागाने बोलताय हे कळलं होतं मला, बाई. पण सोयीचं होतं."

सोयीचं होतं! किती स्वच्छ शब्द, आणि आत किती घाण!

दोन्का सपातेकडे हात नेत होती. मेतोदीकाकांनी तिला थांबवलं. त्यांनी राकिया, म्हणजे फळांची दारू, छोट्या पेल्यात भरून त्याच्यापुढे सरकवली, नको म्हणाला तेव्हा पाणी दिलं, आणि म्हणाले, "पोरा, मी मेलो असलो तरी दार जोरात वाजवत जा. मला कमी ऐकू येतं."

कुरियरवाल्याने पाणी प्यायलं. जाताना त्याने स्वतःच दारावर एकदा जोराने थाप मारून बघितली, आत ऐकू जाते का ते. काकांनी मान हलवली: ऐकू येते.

मंडळी, कुरियरवाले कामचुकार आहेत, कंपन्या मुजोर आहेत, शेजारी फुकटे आहेत आणि लिफ्ट कुठलीच धड चालत नाही. यातलं एक अक्षर खोटं नाही. या सगळ्याची किळस येणंही बरोबरच आहे. पण ती ज्याची त्याच्या पदरात घाला, समोर उभं राहून, नाव घेऊन. दाराआडून ओरडलेला शब्द भलत्याच घरी पोचतो, आणि तो परत पाठवता येत नाही. दुसऱ्याचं पार्सल घ्या किंवा घेऊ नका. बंद दाराकडे बोट दाखवून कुणी विचारलं, तर फक्त एवढं सांगायचं चुकवू नका: आत माणूस आहे.