धुळाजीच्या टेकडीची हवा

मित्रांनो, जरा लांबूनच ऐका. मी काचेची बाटली आहे, म्हातारी आहे आणि जन्मापासून भित्री आहे. भट्टीवर फुंकून मला फुगवलं, दोन टोकांना दोन तोट्या बसवल्या आणि भुशात गुंडाळून राजूरजवळच्या एका टेकडीवर धाडलं. एसटीच्या प्रत्येक खड्ड्याला माझे प्राण कंठाशी येत.

टेकडीवर धुळाजी मेंढ्या चारायचा. शहरातल्या प्रयोगशाळेच्या साहेबांनी नेमून दिल्यामुळे दर आठवड्याला तो पंपाने माझ्यात तिथली हवा भरायचा. माणसाच्या श्वासात कार्बन डायऑक्साइड फार. म्हणून तो श्वास रोखून तोट्या बंद करायचा. मग मी त्या प्रयोगशाळेत जायची, तिथे हा वायू मोजत. पिकं हिरवीगार असली की हा वायू थोडा कमी भरे, पालापाचोळा कुजू लागला की वाढे. पण दरवर्षी एकंदरीत तो चढतच होता. ते ऐकून मला धडकी भरायची.

१९८८ सालची खंडेनवमी. धुळाजीच्या बायकोने, गोपिकाबाईने, कुऱ्हाड-विळ्याशेजारी हवा भरलेल्या मलाही मांडलं. हळदकुंकू वाहिलं. मी खूश होते. तेवढ्यात तिने माझ्या तोट्या उघडून धूप आत सोडला!

"अगं, काय करून राह्यली!" धुळाजी ओरडला.

"तुमचं हत्यारच हाय ना ते? पोटात बी धूप जाऊ द्या, बरकत येईल."

"धुराची हवा गेली तं साहेब हितलं काम बंद करतेल. चल जल्दी!"

दोघं टेकडी चढू लागले. वाटेत धुळाजीचा पाय घसरला, मी झोळीतून दगडाला घासले. संपलं सगळं, असंच वाटलं. वर पोचल्यावर त्याने वास जाईपर्यंत पंप मारला. तोट्या बंद करताना गोपिकाबाईनेही श्वास कोंडला. तिचे गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं. सोडू का, असं तिने हातानेच विचारलं.

"सोड आता. झालं बराबर," धुळाजी म्हणाला.

हवा स्वच्छ निघाली, काम चालू राहिलं. मोजून उरलेली त्या दिवसाची हवा पुढच्या तपासणीसाठी माझ्यातच जपून ठेवली. आता धुळाजी नाही. बाहेर तो वायू कितीतरी वाढला आहे. प्रयोगशाळा बघायला मुलं येतात, कुणाचा हात माझ्याकडे वळला की मी आजही थरथरते.

मित्रांनो, मी फुटले तर दुसरी बाटली मिळेल. पण माझ्या पोटातली हवा आता त्या टेकडीवरही नाही. तेवढा तोटीला हात लावू नका.