बुलबुलाचं घरटं आणि मास्तरांची कात्री

मास्तरांनी जन्मभर लोकांच्या पँटी शिवल्या, त्यामुळे बागेकडेही ते पँट म्हणूनच बघत. कुठे सैल आहे, कुठे उसवलंय, कुठे आत घ्यायला हवं. दुकान बंद झाल्यावर कात्रीला काम उरलं नव्हतं आणि बायको अंथरुणाला खिळल्यावर बागेला माणूस उरलं नव्हतं. दोन बेकार एकमेकांना भेटले, एवढंच.

घरामागचा तो तुकडा. बाग हा शब्द बायकोचा. मास्तर सकाळी उठून तण उपटत, आळ्यांत पाणी सोडत, कुंड्यांच्या कडा टेप लावून एका रेषेत आणत. खार रात्रीत कुंडी उकरून ठेवायची, मास्तर सकाळी माती थापटून पुन्हा सारखी करायचे, आणि दोघांपैकी कोणीही हार मानत नव्हतं. गोगलगायी मात्र ते वेचून डब्यात भरत आणि डबा कुंपणापलीकडे रिकामा करत. पलीकडे कंपाउंडर राहायचा. दवाखाना सुटला तरी हे नाव त्याला सोडायला तयार नव्हतं.

“मास्तर, तुमच्या गोगलगायी माझ्याकडे पोचल्या बरं का.”

“चालत आल्या असतील.”

“एका रात्रीत? गोगलगायी?”

“लवकर निघाल्या असतील.”

असं सगळं ठीक चाललं होतं, म्हणजे घराबाहेर. घरात ठीक नव्हतं. बायकोचा ताप कधीच उतरला होता, पण ती उठली नव्हती. दोन चमचे पेज घशाखाली गेली की तोंड फिरवायची. “खाल्लं तर ताकद येईल, ताकद आली तर उठतील,” डॉक्टर म्हणाले. “नाही खाल्लं तर...” आणि पुढचं न बोलता ते हात धुवायला गेले. हात त्यांनी कशालाच लावला नव्हता.

बायकोची धाकटी बहीण मुक्कामाला आली होती. तिला सगळे धाकटीच म्हणत. ती रागावून बघायची, लाडीगोडी लावून बघायची. तोंड फिरायचं ते फिरायचंच.

मग एके दिवशी बायकोने आपणहून हाक मारली. “अगं, मला जरा टेकवून बसव. कुंपणात कोणीतरी आहे.”

खिडकीला लागून मेंदीचं कुंपण होतं, चांगलं दाट, पुरुषभर उंच. त्यात बुलबुलाच्या जोडीने घरटं केलं होतं. घरटं दिसत नव्हतं. चोचीत अळी धरून पक्षी पानांत शिरायचा, आत एकच गलका उठायचा, आणि पक्षी रिकाम्या चोचीने बाहेर पडायचा. तो आत शिरला की बायकोचं तोंड नकळत उघडायचं. धाकटी कसली चतुर! अळी आत गेली की हिचा चमचा आत.

“भावोजी, अर्धी वाटी गेली हो पोटात! तुम्ही एवढे दिवस भरवताय, त्या पाखराने दोन दिवसांत करून दाखवलं.”

“मी अळ्या आणल्या नव्हत्या,” मास्तर म्हणाले. पण स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी डोळे पुसले.

आठवडाभर असं चाललं. आवाजाला बळ आलं. बायको एकच विचारायची, “आत किती असतील हो?”

“थांब, दाखवतोच तुला.”

“कापू बिपू नका हं. आडोसा बघूनच जागा घेतली असेल ना त्यांनी.”

“एक फांदी. बोटभर.”

“तुमचं बोटभर मला ठाऊक आहे. दादाची पँट आठवते का?”

मास्तरांना आठवत होती. बायकोच्या थोरल्या भावाच्या लग्नाची पँट. डावा पाय लांब वाटला म्हणून थोडा कमी केला, मग उजवा लांब वाटायला लागला. शेवटी दादा नडग्या दाखवत बोहल्यावर उभा राहिला आणि मास्तर सगळ्यांना सांगत फिरले, की कापड आटलं.

फांदी त्यांनी खरोखरच बोटभर कापली. आणि पलंगावरून दिसलं: वाटीएवढं घरटं, त्यात तीन उघडी तोंडं. “अगंबाई! किती खादाड मेली!” म्हणत बायको हसली. त्या दुपारी तिने सगळी वाटी संपवली आणि वर मागून घेतलं.

इथे कात्री ठेवून द्यायची. कोणीही ठेवली असती. पण संध्याकाळी मास्तर पाइप गुंडाळायला मागे गेले आणि त्यांची नजर कुंपणावर पडली. जिथे कापलं होतं तिथे खळगा दिसत होता. उजवी बाजू जड वाटत होती. अशी पँट त्यांनी कधी कुणाच्या हातात दिली नसती. उजवीकडे त्यांनी थोडं काढलं. मग डावीकडचं लोंबल्यासारखं वाटलं. तेही काढलं. घरट्याला कात्री लागू नये म्हणून ते इतकं जपत होते, की घरट्याभोवती काय उरलंय हे बघायचं राहून गेलं. नजरेचं समाधान झालं तेव्हा कुंपण सुरेख सरळ झालं होतं आणि घरटं उघड्या शर्टावरच्या एकुलत्या बटणासारखं दिसत होतं.

“झकास!” कंपाउंडर पलीकडून म्हणाला. आता तो मास्तरांना कमरेपासून वर दिसत होता. “आता माझ्या घरात तुम्ही आणि तुमच्या घरात मी.”

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी बाजारात गेली होती. ऊन थेट घरट्यात उतरलं.

“अहो,” बायकोने हाक मारली, “ती बुलबुल खायला आणायला जाईनाशी झालीय. नुसती पंख पसरून सावली धरून बसलीय. पिल्लं धापा टाकताहेत.”

मास्तरांनी काय करावं? मास्तरांनी मशीन उघडलं. हिरव्या अस्तराचा तुकडा काढला, चारी बाजूंनी दुमडून शिवला, कोपऱ्यांना नाड्या लावल्या आणि घरट्यावर छत बांधलं. शिलाईत खोट काढायला जागा नव्हती. फक्त वाऱ्यावर ते फडफडत होतं. त्यांच्या हाताच्या सावलीने बुलबुल जी उडाली ती तारेवर जाऊन बसली आणि ओरडत राहिली. खाली यायचं नाव नाही.

“काढा ते! अहो, काढा आधी!”

मास्तरांनी गाठी पक्क्या मारल्या होत्या. त्यांच्या गाठी सुटत नसत, ह्याचा त्यांना अभिमान होता. आताही सुटेनात. ते कात्री आणायला घरात धावले.

तेवढ्यात कावळा आला.

“हाड! हाड रे!” जिचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचत नसे, तिचा कंपाउंडरला त्याच्या घरात ऐकू गेला. उठायला म्हणून तिने पाय खाली टाकले, पण पायांनी ऐकलं नाही. कावळ्याला घाई नव्हती. एक न्यायचा, भिंतीवर जायचा, परत यायचा. तिला सगळं स्वच्छ दिसत होतं. मास्तरांनी त्याचसाठी तर कापलं होतं. अस्तराच्या ढिगाखालून कात्री शोधून ते पोचले तेव्हा छताखाली काही नव्हतं.

धाकटी परतली तोवर मास्तरांनी छत उतरवलं होतं. ती थेट खिडकीशी आली. “हे काय, घरटं रिकामं?”

“उडाली,” बायको म्हणाली.

“इतक्यात? अगं, पिसं कुठे फुटली होती?”

“फुटली होती. मी बघत नव्हते का रोज?”

तिने मास्तरांकडे पाहिलं नाही. दादाच्या पँटीची गोष्ट तिने साऱ्या नात्यागोत्यात मीठमसाला लावून सांगितली होती. ही गोष्ट ती कुणालाच सांगणार नाही, हे मास्तरांना कळलं. तिने चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दिवेलागणीला धाकटीने पेजेची वाटी आणून ठेवली आणि ती भांडी घासायला गेली. मास्तरांनी चमचा पुढे केला.

“एकच.”

त्यांच्यासाठी तिने तोंड उघडलं. घास तसाच गालात धरून ठेवला, मग टॉवेलच्या टोकात काढून टाकला.

“राहू द्या हो. जात नाही.” थोड्या वेळाने म्हणाली, “तुम्ही दुपारपासून उपाशी आहात. तुम्हीच खा.”

मास्तरांना भूक लागली होती. असल्या दिवशीही ती लागते, ह्याची त्यांना लाज वाटली, पण ती लागली होती. ते तिच्या उशाशी बसून खात राहिले. वाटी रिकामी झाली.

धाकटी हात पुसत आली आणि तिचा चेहरा खुलला. “ताई, संपवलंस सगळं? शहाणी ग माझी बाई ती! बघा भावोजी, उगाच घाबरत होतो आपण.”

बायकोने डोळे मिटून घेतले. मास्तरांनी ओठ पुसले आणि मान डोलावली.