साउंडबारखालची पाचर

कोराडीच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं टर्बाइनच्या बाजूला काढल्यावर माणसाचे कान जसे होतात, तसे माझे झाले आहेत. टीव्हीतला माणूस तोंड हलवतो, मला नुसती गुरगुर ऐकू येते. म्हणून पोरानं, धम्मानंदनं, पुण्याहून साउंडबार पाठवला. ती काळी लांबट पट्टी टीव्हीसमोर बुटक्या टेबलावर ठेवली, आणि आवाज सरळ येऊन माझ्या गुडघ्यांवर आदळायला लागला. आठ दिवस गुडघ्यांनी बातम्या ऐकल्या. डावा तर राजकारणावर मत देण्याइतका तयार झाला होता, पण वर कानापर्यंत काही पोचेना.

शेवटी चंद्रभानला बोलावलं. हा बुटीबोरीच्या एका कापड गिरणीत फिटर होता. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी कुठं काही तिरकं दिसलं की त्याला जेवण जात नाही. लेव्हल, टेप आणि दोरी घेऊन आला. मला दिवाणावर बसवलं. दोरीचं एक टोक पट्टीला, दुसरं माझ्या कानाला.

"हलू नका, प्रेमानंदभाऊ. पंचेचाळीस इंचावर आहे तुमचा कान."

"आन् दुसरा?"

"दुसरा अर्धा इंच खाली आहे. कोन्या कुशीवर झोपता?"

तेवढ्यात माझी बायको, अंजनाबाई, पिठाच्या हातानं दारात आली. "माह्या कानाचं माप नाई घ्यायचं काय, चंद्रभानभाऊ?"

"घेतो न, वहिनी. तुम्ही कुठं बसता?"

"मी बसते कधी?"

आम्ही दोघं हसलो. ती हसली नाही. चुकलं ते तिथंच.

चंद्रभाननं दीड तास घासून सागवानाची पाचर केली आणि पट्टीच्या पुढच्या कडेखाली सारली. पट्टीनं तोंड वर केलं. आवाज इतका नेमका आला, की दिवाणावर बसलं तर बातम्या देणाऱ्या बाईच्या बांगड्या वाजलेल्या कळत, आणि वीतभर सरकलं की मुकं चित्र. मधून उडणारा एक डास गोंधळून माघारी फिरला. विचारा चंद्रभानला.

पण अंजनाबाई टीव्ही पाहत नाही, ऐकते. बारा वर्षं साडेसातची मालिका तिनं पोळ्या लाटता लाटता ऐकली. आधी आवाज भिंतीला आपटून घरभर सांडायचा, त्यातला तिचा वाटा तिला ओट्यापाशी मिळायचा. मग सव्वाआठला काटोलहून फोन येई. तिकडं तिची धाकटी बहीण तुळसाबाई बसस्टँडबाहेर चहाची टपरी चालवते. आठपर्यंत तिला मान वर करायला फुरसत नसते. मोबाइलवर पाहत जा म्हटलं तर म्हणते, "पाहून काय करू? ताई सांगते तशी मजा नाई येत." मालिकेतल्या सासूचं सांगता सांगता तुळसाबाईच्या सुनेचं निघे, मग गुडघेदुखी, मग आईची आठवण. दोघींचं सगळं त्या मालिकेच्या आडोशानंच बोलून व्हायचं.

त्या संध्याकाळी ओट्याकडून हाक आली, "काय जी, आवाज बंद केला काय?"

"चालू आहे!"

"मंग वाढवा न!"

वाढवला. चाळीस, साठ, ऐंशी. समोरच्या इमारतीतला म्हातारा खिडकीत येऊन मालिका ऐकायला लागला, पण आमच्याच स्वयंपाकघरात काही जाईना. मग दर दोन मिनिटांनी अंजनाबाई दारात. "काय म्हणाली ती? काहून रडून राहिली? तो कोण आला?" नऊ वेळा उत्तर दिलं. दहाव्या वेळी डोकं फिरलं. खरं तर त्या दिवशी काहीच घडलं नव्हतं, सासू अर्धा तास सुनेकडं नुसती रोखून पाहत होती. मी सांगितलं, "सासूचा पेट्रोल पंप निघाला. वर्धा रोडवर. चोरून चालवते."

"बाप्पा!" म्हणून ती आत गेली. सव्वाआठला पंप काटोलला पोचला. दुसऱ्या दिवशी तुळसाबाईनं तो गिऱ्हाइकांना सांगितला, आणि गिऱ्हाइकांनी मालिका पाहिलेली होती. एक कंडक्टर तर हसता हसता चहा सांडून गेला म्हणतात.

फोन आला तो भर दुपारी. "ताई, लोकं हसून राहिले मले. तुले सांगाचं नसंन तं नको सांगू वं, पन मह्या तोंडाला काळं काहून फासतं?"

त्या सव्वाआठला फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अंजनाबाईनं केला, तर तिकडून उचलला नाही. बायको नुसती पोळ्या लाटत राहिली, आणि त्या पोळ्या, खोटं सांगत नाही, इतक्या पातळ की ताटाची नक्षी दिसायची.

मी चंद्रभानला परत गाठलं. "पट्टीचं तोंड ओट्याकडं कर."

"मधात भिंत आहे, भाऊ."

"दार आहे न!"

"दारातून सरळ रेष जाते ते गव्हाच्या कोठीवर. पत्र्याची आहे. आवाज तिला लागून वापस येईन."

"तर कोठी हटव!"

दोन क्विंटल गव्हाची कोठी आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी सरकवली. दोरी पुन्हा ताणली, या वेळी अंजनाबाईच्या कानापर्यंत. "लाटताना मान खाली करता, का ताठ?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "आता तरी विचारलं, बाप्पा." पाचर काढली, दुसरी घासली, कडेला लावली. पट्टी तिरपी होऊन दारातून ओट्याकडं पाहायला लागली. माझ्या दिवाणावर परत गुरगुर.

साडेसातला मालिका लागली. अंजनाबाईनं ओट्यापाशी शब्द न् शब्द ऐकला. मी तोंड मिटून बसलो. आणि नेमकं त्याच दिवशी त्या मालिकावाल्यांना काय झालं कोण जाणे, अकरा वर्षांपूर्वी विहिरीत बुडून मेलेला सासरा दुसरा चेहरा घेऊन परत आला, आणि तोच घरचा ड्रायव्हर निघाला.

या वेळी फोन उचलला गेला. अंजनाबाईनं एका दमात सगळं सांगितलं. विहीर, चेहरा, ड्रायव्हर. मग तुळसाबाई तिकडून एवढ्यानं बोलली, की मलाही ऐकू आलं:

"भाऊजी बाजूलेच बसले आहेत काय वं?"

"अवं नाई! मी माह्या कानानं ऐकलं!"

"पंपही असाच ऐकला होता."

फोन बंद. अंजनाबाईनं माझ्याकडं असं पाहिलं, की मालिकेतल्या सासूला जमलं नसतं. मी म्हटलं, "या वेळी मी काही बोललो तरी काय?" ती म्हणाली, "चाळीस वर्षं बोललात न जी. तेच पुरून राहिलं."

रात्री दोघंही नीट जेवलो नाही. सकाळी सहाला, टपरी उघडायच्या आधी, फोन वाजला.

"ताई, दूधवाला सांगून राहिला, खरंच परत आला वं तो सासरा! ड्रायव्हरच निघाला! आता पहिल्यापासून सांग. दोन दिवसांचं बी राहिलं आहे. आन् ऐक, आमची सून काल माहेरी गेली..."

अंजनाबाई ओट्याला टेकून उभी राहिली आणि बोलायला लागली. मी चहाचं विचारलं. तिनं हातानंच खूण केली, थांबा.

पाऊण तास झाला. थांबलोच आहे.