आत्या बदलून मिळेल

टकळी शाळेतून घरी आली तेव्हा बाबांनी आत्या बदलून आणली होती.

नवी आत्या टेबलाशी बसली होती. डोकं किटलीचं, पोट जुन्या रेडिओचं, गळ्यात बाटल्यांच्या बुचांची माळ. दिसायला रुबाबदार, पण "दप्तर जागेवर ठेव" म्हणाली नाही.

"आपली कुठेय?"

"हॉलमध्ये," बाबा भाजी चिरत म्हणाले. "रीतसर बदलून आणलीय. ही बघ किती शांत. दुपारपासून मला एका शब्दाने घालूनपाडून बोलली नाही."

घोळ रंगाऱ्याचा. आत्या सांभाळायची त्या हॉलमध्ये आफ्रिकेतून एक शिल्पकार बाई आल्या होत्या, टाकाऊ वस्तूंतून घडवलेल्या आपल्या सात आत्या घेऊन. आत्याने फलक सांगितला 'आफ्रिकेची कला: सांस्कृतिक देवाणघेवाण'. कापड पुरेना, तेव्हा रंगारी 'आफ्रिकेची कला: अदलाबदल' लिहून मोकळा झाला. पहिल्याच सकाळी एक काका बंद पडलेला पंखा घेऊन हजर. बाईंना वाटलं, ही इथली रीत असावी. त्यांनी पंखा ठेवून घेतला, काकांना एक आत्या दिली आणि पंख्याची नवी घडवायला बसल्या. मग काय, रांग रस्त्यापर्यंत. अट एकच: घरादाराला नकोसं झालेलं काहीतरी आणा.

बाबांनी सख्खी बहीण नेली.

टकळी धावतपळत हॉलमध्ये पोचली. पंख्याच्या आत्याशेजारी, चौथऱ्यावर, तिची आत्या ताठ उभी होती. खाली पाटी: 'आत्या. मिश्र माध्यम. हात लावू नये.'

"आत्या, खाली ये ना."

"बाजूला हो, लोकांना दिसत नाही," आत्या ओठ न हलवता म्हणाली. "आणि येऊ कशी? व्यवहार झालाय. उद्या पेटीत बसून पुढच्या शहरी जायचंय. इतकं निरखून मला कुणी जन्मात पाहिलं नव्हतं गं." मग ती पुटपुटली, "पाठ तेवढी कामातून गेली."

टकळीने शाळेतलं सगळं इंग्रजी पणाला लावलं आणि बाईंपुढे उभी राहिली. "माझी आत्या परत द्या."

"मग माझी आण."

"बाबा सोडणार नाहीत. त्यांचा जीव जडलाय तिच्यावर."

"मग दुसरं काही. घरी सगळ्यांना नकोसं झालेलं."

टकळी विचारात पडली. चौथऱ्यावरून आवाज आला, "हिची बडबड घ्या."

टकळीने मान खाली घालून त्याचंही भाषांतर केलं. बाईंनी कपाटामागून एक टेपरेकॉर्डर ओढला. "बोल."

टकळी बोलत सुटली. पीटीच्या सरांबद्दल, पहिल्या बाकावरच्या शिष्ट मुलीबद्दल, आत्या रागावण्याआधी नाक कसं ओढते आणि आपल्याला ताप आला की तीच रात्रभर उशाशी कशी बसते, त्याबद्दल. आत्याच्या हुकमांची तर तिने हुबेहूब नक्कल केली. मध्येच तिने विचारलं, "तुमच्या खऱ्या आत्या कशा होत्या?" बाई खुदकन हसल्या. बंदरावर कापड विकायच्या, म्हणाल्या, आणि थोरली एवढी तोंडाळ की गिऱ्हाईक नुसता ओरडा खायला यायचं. "अगदी हिच्यासारखी," त्यांनी चौथऱ्याकडे बोट केलं.

टेपरेकॉर्डर टेपसकट पंख्याच्या आत्याच्या पोटात बसला. बटण दाबताच बंद पडलेली पातीही गरगरली आणि टकळीच्या आवाजात, आत्याच्या थाटात हुकूम सुटला, "पाय पुसून आत या."

अख्ख्या रांगेने पाय पुसले.

आत्या कण्हत खाली उतरली. घरी येऊन तिने किटलीच्या आत्याला आपादमस्तक न्याहाळलं, तिची माळ सरळ केली आणि शेजारची खुर्ची ओढून बसली. बाबांनी एकीकडून दुसरीकडे पाहिलं आणि मुकाट्याने आणखी भाजी चिरायला घेतली.

"काय गं," आत्या टकळीला म्हणाली, "दप्तर जागेवर कोण ठेवणार?"

टकळीने उलट उत्तर द्यायला तोंड उघडलं. काहीच बाहेर येईना. बडबडीबरोबर उत्तरंही सगळी त्या टेपमध्ये गेली होती. जन्मात पहिल्यांदा तिने निमूटपणे दप्तर उचललं.