तळ हलला त्या दिवशी

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुम्ही काडीचाही विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू! नदीने ठेवला, मला तेवढं पुरे.

मी एक जुनी मोजकाठी आहे. अंग पक्क्या लाकडाचं, पायात लोखंडी बूट, उंची चार मीटर. त्यात एक बोटही इकडेतिकडे नाही. मला घडवणारा सुतार म्हणाला होता, "वाकलीस तर सरळ करता येईल गं, पण खोटी ठरलीस तर थेट चुलीत." तो उपदेश मी जन्मभर पाळला.

माझं काम नदी मोजायचं. दोन्ही काठांवर एकेक खुंटी ठोकलेली असे. दरवर्षी पाणी उतरलं की त्याच खुंट्यांना दोरी बांधायची, दोरीला धरून होडी पुढे ढकलायची आणि मला जागोजागी तळाला टेकवायचं. पाणी ज्या आकड्याला लागेल तेवढी खोली. सगळे आकडे कागदावर जोडले की नदीचं पोट आडवं चिरून ठेवल्यासारखं दिसे, आणि सुरी कुठे लागलेलीच नसे! गाळ कुठे चढला, माशांना अंडी घालायला गोटे उरले की नाही, सारं कळे.

काठावर मोजणीच्या ताई बसत. होडीत मला धरायला लंबूकाका. ते जेमतेम माझ्या गुडघ्याच्या वर येत, म्हणून लंबू. मला 'राणी' म्हणत आणि काम झालं की स्वतःच्या पंच्याने पुसत.

त्या वर्षी ताईंचा चेहरा उतरलेला होता. वरच्या अंगाला रस्ता खणत होते आणि माती वाहून नदीत येत होती. उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा सगळे मासे एकाच डोहात जीव धरून राहतात. ताईंच्या साहेबांनी बजावलं होतं, "डोह गाळाने भरला असेल तर राखायचा कशाला? मासेमारीची बंदी उठवून टाकू."

होडी डोहाच्या मध्यावर आली. काकांनी मला खाली सोडलं. थप्प!

"ताई... दीड मीटर."

"नीट बघा काका! गेल्या साली तिथे साडेतीन होतं."

"बघतोय की! डोळे काय भाड्याने आणलेत?"

ताईंनी वही मिटली. "मग संपलं सगळं," एवढंच म्हणाल्या.

आणि मित्रांनो, माझ्या पायाखालचा तळ हलला.

आधी वाटलं, काकांचा हात थरथरला. पण नाही. तळाने श्वास घेतला. मी हळूच वर उचलली गेले, पुन्हा खाली आले.

"ताई, तळ चालतोय!"

"काका, ऊन लागलंय तुम्हाला. टोपी घाला."

"घातलीय हो!"

पाण्यातून एक काळी पाठ सरकत गेली. सरकतच राहिली, संपेचना. ताटाएवढे खवले, प्रत्येकात वेगळा उजेड. मग डोळा आला. त्या डोळ्यात आख्खी होडी होती, काका होते, वरचं आभाळही होतं. त्या अजस्र मासोळीच्या मागून बारकी पिल्लं निघाली, इतकी की पाण्याला जरीचा काठ लागल्यासारखं दिसलं. काकांनी टोपी काढून छातीशी धरली आणि पुटपुटले, "या, मालकीणबाई. चुकून पाय लागला."

ती बाजूला झाली आणि मी खाली गेले. थंड, अजून थंड. खण्ण! गोटा वाजला. गाळ नव्हता.

"साडेतीन!" काका ओरडले. "ताई, साडेतीन!"

ताई हसत होत्या की रडत होत्या, ते मलाही मोजता आलं नाही. बंदी राहिली. डोह आजही आहे.

आता मोजणी आवाजाच्या यंत्राने होते. माझ्याकडे जळमटं काढायचं काम आलंय. त्याचं दुःख नाही. पण मित्रांनो, नदीत काही टाकण्याआधी एवढं आठवा, की तुम्हाला जो तळ दिसतो, त्याला डोळे असू शकतात.

काय म्हणता, केवढी होती ती? अहो, जाताना ती माझ्या शेजारी शेपटीवर ताठ उभी राहिली. शेपूट माझ्या बुटाशी, मिश्या माझ्या सगळ्यात वरच्या आकड्याला. मी स्वतः वाचलं, बरोब्बर सात मीटर!

"ए काठीआजी," पुढच्या रांगेतली दोन वेण्यांची मुलगी उभी राहून ओरडली, "तू तर चार मीटरची! वरचे तीन काय लंबूकाकांनी मोजले?"